हा कुणावर रुसलाय?

दिवाळीच्या आधीच्या आवराआवरीत सांगलीच्या घरचा माळा काढला, तेव्हा माझ्या नावाची एक पत्र्याची पेटी खाली आली. आईनं ती पंधरा वर्षं जपून ठेवली होती, म्हणजे तिच्यावर चादरींचे गठ्ठे ठेवले होते. आत पुस्तकं, एक मोडकी छत्री, कॉलेजच्या नोट्स आणि तळाशी सात-आठ सीडी. माझी भाची चौदा वर्षांची. तिला सीडी ही वस्तू आपल्याला तबकडी वाटायची तशी वाटते. एकेक डबी उघडून, बोटाच्या नखानं कागद बाहेर ओढून ती बघत बसली. मी वर्तमानपत्राचे कागद घडी करत होते. मध्येच तिनं एक कव्हर माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "मावशी, हा कुणावर रुसलाय गं?"

मी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोटोत तिघं आहेत. एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांच्या अगदी जवळ, आपल्या आपल्यात. आणि दुसरा एक मुलगा, मोठ्या चष्म्याचा, त्या दोघांपासून वेगळा. मागे झाडी. सीडी गाण्यांची, पण फोटोत गिटार नाही, स्टेज नाही, माइक नाही, 'बघा आम्ही कोण' असा चेहरा नाही. सहलीला गेल्यावर कुणीतरी सहज काढला असावा आणि अल्बममध्ये लावायच्या ऐवजी चुकून छापखान्यात गेला असावा, असा फोटो. 'किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स' या नॉर्वेच्या जोडगोळीचा 2001चा अल्बम, 'क्वाएट इज द न्यू लाउड'.

"रुसला नाहीये, तो असाच आहे," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. भाचीला ते पटलं नाही. "मग त्याला कशाला घेतलं फोटोत?" असं म्हणून तिनं कव्हर परत डबीत सरकवलं, तेही उलटं. ती फराळाच्या डब्यांकडे गेली. मी मात्र दुपारभर तिथेच अडकून पडले. कारण हा फोटो मी कितीतरी वेळा पाहिलाय, आणि 'कुणावर' हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला त्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

हा अल्बम माझ्याकडे पहिल्यांदा आला तो कव्हरशिवाय. 2003चा पावसाळा, एरंडवण्यात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी पेइंग गेस्ट. मी आणि माझी रूममेट. खाली घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही काकू म्हणायचो आणि ज्यांची झोप इतकी सावध होती की वर पाण्याचा तांब्या ठेवला तरी खालून काठी ठोकल्याचा आवाज यायचा. दहानंतर आवाज बंद, हा नियम. रूममेटकडे जुना कॉम्प्युटर होता, त्याला दोन पिवळट पडलेले स्पीकर. तिच्या वर्गातल्या एका मुलानं तिला राइट केलेली सीडी दिली. वर काळ्या मार्करनं नुसतं 'क्वाएट' लिहिलेलं. 'ट'चा शेपटा पुसून गेलेला. आम्हाला वाटलं, हे बँडचं नाव. बरेच दिवस आम्ही त्यांना 'क्वाएटवाले' म्हणत होतो.

ती सीडी आम्हाला आवडली याचं पहिलं कारण अगदी साधं होतं. ती अगदी हळू आवाजात लावली तरी पूर्ण ऐकू यायची. बाकीची गाणी आवाज कमी केला की कोलमडतात. आधी ठेका जातो, मग शब्द जातात, उरते ती डासासारखी गुणगुण. हे दोघं मात्र मुळातच काकूंना घाबरून गात असावेत, असे गायचे. दोन गिटार, दोन आवाज, कुठे थोडा पियानो, कुठे तंतुवाद्यांची एखादी ओळ, काही गाण्यांत जेमतेम ड्रम. बारा गाणी, पाऊण तास. खिडकीच्या गजांवर पाऊस टपटपतोय, गादीवर दोघी पालथ्या, मध्ये चिवड्याची पिशवी. आणि ती पिशवी कुरकुरू नये म्हणून रूममेट चिवडा आधी वाटीत काढून घ्यायची.

त्या दोन गिटारींबद्दल जरा थांबून सांगायला हवं. आयरिक ग्लाम्बेक ब्यो नायलॉनच्या तारांची गिटार वाजवतो, एर्लेंड ओये पोलादी तारांची. नायलॉनचा सूर गोल, ओला, लाकडातून आल्यासारखा. पोलादाचा बारीक, चमकणारा, कडेला थोडी धार असलेला. दोघं तारा छेडतात त्या बोटांनी, एकेक करून, आणि दोघांच्या नक्षी एकमेकींच्या फटींत बसतात. गोधडीला उलट्या दिशेनं दोन दोरे घातल्यासारखं. कोणता टाका कुणाचा, हे आधी कळत नाही. पण एकदा का कान बसला की सुटे दिसू लागतात. आवाजांचंही तेच. दोघांचे आवाज इतके शेजारी की पहिले काही महिने आम्हाला वाटत होतं, एकच माणूस दोनदा गातोय. रूममेटनं आधी ओळखलं. ती म्हणाली, "वरचा आवाज जो आहे ना, तो खालच्याला हात लावत नाही बघ. नुसता जवळ उभा राहतो." मग ती खालचा सूर धरायची आणि मी वरचा. कुजबुजीत. नॉर्वेच्या पोरांचं इंग्रजी आणि आमचं सांगली-लातूरचं इंग्रजी, शब्द निम्मे चुकीचे, पण सूर बऱ्यापैकी लागायचे.

हळू गाणं ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही, हे मला पुढे कळलं. आपल्याकडे नाटकवाले शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नुसत्या छातीच्या जोरावर पोचायचे, कारण माइक नव्हता. रेडिओ आला, रेकॉर्डिंगचा माइक आला आणि मग गजानन वाटव्यांसारख्यांचं भावगीत घराघरांत आलं. माणूस शेजारी बसून गातोय असं वाटायला लावणारं. म्हणजे कुजबूज ही यंत्राची देणगी. आणि त्यातही गंमत अशी की जितकं हळू गावं तितका माइक जवळ घ्यावा लागतो. मग श्वास ऐकू येतो, ओठ उघडल्याचा आवाज येतो, तारेवरून बोट सरकताना निघणारी ती बारीकशी किंचाळी येते. या अल्बममध्ये ती ठिकठिकाणी आहे. लिव्हरपूलच्या पार स्ट्रीट स्टुडिओत केन नेल्सननं तो त्या दोघांबरोबर घडवला. त्याच सुमाराला हाच माणूस कोल्डप्लेच्या पहिल्या अल्बमवरही काम करत होता. ते पुढे मैदानं भरवायला गेले. हे दोघं अजूनही प्रेक्षकांना श्वास रोखायला लावतात. ती बोटांची किंचाळी पुसून टाकायचा मोह नेल्सनला झाला असेल का, माहीत नाही. झाला असला तरी तो आवरल्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

सगळंच आवडतं असं नाही. मधली दोन-तीन गाणी एकमेकांत विरघळून जातात. आजही मला 'लीनिंग अगेन्स्ट द वॉल' संपून 'लिटल किड्स' कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. 'टॉक्सिक गर्ल' हे नाव मला तेव्हाही खटकायचं. ज्या मुलीनं ह्यांना भाव दिला नाही ती लगेच विषारी? आणि एकूणच हे दुःख पोटभरल्या देशातलं आहे. नोकरीची चिंता नाही, घरभाड्याची नाही, मग उरली ती 'तिला काय वाटलं असेल' एवढीच. मेसचे पैसे थकलेले असताना हे ऐकायला कधीकधी राग यायचा. तरी पुन्हा लावायचो.

हे दोघं बर्गनचे. सात डोंगरांच्या मध्ये वसलेलं बंदर, आणि पावसासाठी बदनाम. वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसले, कारण साधारण एवढाच पाऊस मुंबईत पडतो. फरक इतकाच की मुंबईला तो चार महिन्यांत उरकायचा असतो. कधीतरी तर एकाच दिवसात. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तेव्हा मी ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर रात्रभर टेबलाखाली झोपले होते आणि खाली गाड्यांची टपं तरंगत होती. बर्गनमध्ये तेच पाणी वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पुरवून पुरवून पडतं. पाणी तेवढंच. आवाज निराळा.

मला वाटतं ही गाणी त्या पुरवून पडणाऱ्या पावसातली आहेत.

आता फोटोकडे येते. म्हणजे आधी आमच्या फोटोकडे. सीडी देणारा तो मुलगा हळूहळू खोलीच्या खाली, गेटपाशी येऊ लागला. सायकल लावून उभा राहायचा, बेल वाजवायची हिंमत नाही, कारण काकू. चांगला मुलगा होता. अजूनही आहे. त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला आजतागायत काही सापडलेलं नाही आणि हीच त्याच्याबद्दलची माझी मोठी तक्रार होती. हिवाळ्यात आम्ही तिघं वेताळ टेकडीवर जायला लागलो. पहाटे, खाणीच्या तळ्यापर्यंत. मोर ओरडायचे. वाळकं गवत सलवारीला चिकटायचं. माझ्याकडे कोडॅकचा साधा कॅमेरा होता, छत्तीस फोटोंचा रोल. एक रोल महिनाभर पुरवायचा. त्यामुळे फोटो मी काढायची. त्यातले अकरा फोटो त्या पेटीत निघाले. सगळ्यांत ते दोघं. एकात ती त्याच्या मफलरचं टोक धरून हसतेय. एकात दोघं तळ्याकडे बघतायत. मी कुठेच नाही. फक्त एका फोटोत सूर्य माझ्या पाठीमागे होता, तेव्हा माझी लांबलचक सावली त्या दोघांच्या पायांपर्यंत गेलीय, हातात कॅमेरा धरलेल्या कोपरांसकट. रोल धुऊन आल्यावर ती म्हणाली होती, "हा खराब आला." मी तो फोटो ठेवून घेतला.

टेकडीवरून परत आल्यावर रात्री ती सीडी लागायची, पण ती आता खालचा सूर धरायची नाही. ती फोनवर असायची, गॅलरीत, कॉर्डलेसचा अँटेना दातात धरून. मी वरचा सूर एकटीच म्हणून बघितला. एकटा वरचा सूर फार विचित्र वाटतो. घर काढून नेल्यावर नुसता जिना उरावा तसा.

मूळ सीडी, कव्हरसकट, माझ्याकडे आली 2007 साली. ऑफिसातली एक जण लंडनला निघाली होती, तिच्याकडून मागवली. तोवर ते दोघं लग्न करून कॅनडाला गेले होते. मंगलाष्टकांच्या वेळी मी अंतरपाटाच्या बाजूला अक्षतांचं ताट धरून उभी होते. त्या फोटोंत मी आहे, पण ताट जास्त आहे. सीडीचं पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा त्या दोघांचे चेहरे पाहिले. खरं म्हणजे त्या तिघांचे. चार वर्षं कानात असलेल्या माणसांना अचानक नाक-डोळे मिळाले की थोडी निराशा होते, तशी झाली. मग तो चष्मेवाला दिसला आणि पोटात काहीतरी हललं. मी लगेच सगळी गोष्ट रचून टाकली. दोन मित्र, एक मुलगी, एकाला मिळाली, दुसरा झुरतोय. 'फेल्युअर' त्याचं, 'द वेट ऑफ माय वर्ड्स' त्याचं, सगळी गाणी त्याची. बिचारा. गंमत म्हणजे ती मुलगी खरोखर आयरिकची मैत्रीण होती, हे नंतर कुठेतरी वाचलं, तेव्हा माझी गोष्ट अजूनच पक्की झाली. आपल्या सिनेमांनी आपल्याला हे एवढं पढवून ठेवलंय की तीन माणसं एका चौकटीत दिसली की आपण आधी त्रिकोण काढतो आणि मग माणसं बघतो.

"कुणावर रुसलाय?" या प्रश्नानं तो त्रिकोण मोडला. रुसवा हा शब्दच बघा. आपण प्रेमात झुरतो, पण रुसतो ते आपल्या माणसावर. जो आपल्याला मनवायला येईल याची खात्री असते त्याच्यावर. चष्मेवाला त्या मुलीवर कशाला रुसेल? ती त्याची कोण? तो रुसला असेल तर आयरिकवर. शाळेपासूनचे मित्र ते. त्याच वयात दोघांचा आणखी दोन पोरांबरोबर एक बँड होता, त्याचं नाव 'स्कोग'. नॉर्वेजियनमध्ये स्कोग म्हणजे जंगल. मग बाकीचे गळाले, आवाज कमी झाला आणि हे दोघं उरले. आणि ज्या अल्बमवर जगाला पहिल्यांदा 'ही जोडी' म्हणून तोंड दाखवायचं, त्याच्यावर जोडी कोणती दाखवलीय, तर दुसरीच. बँड म्हणजे हा आणि तो. फोटोत जोडी म्हणजे हा आणि ती. त्या फोटोत प्रेमभंग झालेला कुणीच नाही. एकाची जोडी सुटलीय, एवढंच.

मी इतकी वर्षं त्या मुलावर माझं दुःख चिकटवत आले आणि तेही चुकीचं नाव देऊन. टेकडीवर मला तो मुलगा हवा होता का? मी स्वतःलाही कधीकधी तसं सांगितलंय, कारण ते सांगायला सोपं. लोकांना कळतं. 'मला माझ्या मैत्रिणीचा खालचा सूर हवा होता' हे कुणाला सांगणार? त्याला ना शब्द आहे, ना सहानुभूती. प्रेमभंगाची गाणी पोत्यानं आहेत. मैत्रीण संसाराला लागली म्हणून कुणी विराणी लिहीत नाही, उलट आहेर घेऊन जातात.

पुढे काय झालं तेही या फोटोत आधीच होतं, असं आता वाटतं. पण आता सगळं माहीत असताना असं म्हणणं स्वस्त आहे, हेही कळतं. आयरिक बर्गनलाच राहिला, मानसशास्त्र शिकला. एर्लेंड बाहेर पडला. बर्लिनला जाऊन रात्री क्लबमध्ये रेकॉर्ड लावू लागला, एक अख्खा अल्बम दहा शहरांत दहा वेगवेगळ्या लोकांबरोबर केला. नाव 'अनरेस्ट', 2003. कुजबुजणारा माणूस नाचाच्या ठेक्यात जाऊन बसला. तरी दोघं 2004 साली परत एकत्र आले. त्या दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवरही तीच मुलगी आहे, या वेळी घरात. 2009च्या तिसऱ्या अल्बमच्या कव्हरवर समुद्रकिनारा आहे आणि फक्त ते दोघं. मग बारा वर्षं काही नाही. चौथा आला 2021 साली, जेव्हा सगळं जगच दार लावून घरात बसलं होतं. दर वेळी वाटतं, संपलं यांचं, आणि दर वेळी तो वरचा सूर येऊन खालच्याशेजारी उभा राहतो, हात न लावता.

संध्याकाळी भाचीनं फोनवर तो अल्बम शोधून दिला, कारण सीडी घालायला घरात आता काही नाही. मी स्वयंपाकघरात, आई चकल्या पाडतेय, तेलाचा चर्र आवाज, आणि त्यावर ते दोघं. ऐकूच येईना. आवाज वाढवला तर ती गाणी एकदम खोटी वाटायला लागली. मोठ्यानं सांगितलेलं गुपित असतं तशी. शेवटी फोन घेऊन गच्चीवर गेले. 'आय डोन्ट नो व्हॉट आय कॅन सेव्ह यू फ्रॉम' लागलं होतं. त्यात एक जुनी ओळख मध्यरात्रीनंतर फोन करते, तीन वर्षांत बोलणं नसताना, आणि तो तिला घरी बोलावतो, ती बोलत राहते आणि त्याच्या लक्षात येतं की आपण हिला कशातूनच सोडवू शकत नाही. तीन वर्षं. आमची सहा होत आली होती. भांडण नाही, काही नाही. वाढदिवसाला केकचं चित्र, दिवाळीला पणतीचं चित्र, एवढ्यावर आलं होतं.

खाली येऊन मी भाचीला ते कव्हर धरायला लावलं आणि फोटो काढला. तिचा अंगठा आला कोपऱ्यात, नेलपॉलिश उडालेला. पाठवला. खाली काही लिहिणार होते, दोन-तीनदा लिहून पुसलं. शेवटी नुसतं 'क्वाएटवाले' एवढंच लिहिलं. साडेअकरा वाजले होते. तिकडे दुपार असणार.

आई झोपली होती, भाची पंख्याखाली मोबाइल छातीवर ठेवून तशीच झोपलेली. मी पेटीतल्या सीडी परत लावत होते. ते कव्हर उलटं बसवलं होतं ते सरळ केलं. फोन थरथरला, दगडी फरशीवर केवढा तरी आवाज झाला.

तिचं उत्तर आलं होतं : "आवाज कमी कर. काकू येतील."